पायताण

बावीस वर्षं मी एसटीत उभी राहिले.
गारगोटी, राधानगरी, मलकापूर, परत स्टँड.
निवृत्तीला मिळाला नारळ, शाल,
आणि टाचेत एक काटा, जो एक्सरेत दिसतो
पण चिमट्यानं निघत नाही.

डॉक्टर म्हणाले, चांगलं पायताण घ्या.
चांगलं म्हणजे कोल्हापुरात चामड्याचं.
आणि मी चामडं सोडलेलं,
कुठल्या महाराजांपुढं नेम घेऊन नव्हे.
वडगावच्या बाजारापाशी गाडी अडली होती,
शेजारच्या टेम्पोत एक म्हैस
माझ्याकडं बघत होती, तिकीट मागितल्यागत.
एवढंच.

मग रेक्झिन घेतलं: तीन महिन्यांत पापुद्रे.
प्लास्टिक घेतलं: चैत्रात पाय उकडलेल्या बटाट्यासारखे.
भाच्यानं पुण्याहून बूट पाठवले,
खोक्यावर हिरवं पान छापलेलं.
माझा पाय आत शिरला नाही.
ते कुणा अरुंद पायाच्या दयाळू माणसासाठी होते.

चप्पल लाईनीत नऊ दुकानं हिंडले.
नवव्यात पोरगं हसलं,
"कोल्हापुरात येऊन चामडं नको?
मिसळ द्या, कट नको म्हटल्यागत झालं की ओ."
मागं माल मोजून देत बसलेल्या म्हाताऱ्यानं
मान वर केली. "सुभाषनगरात या.
यल्लाप्पा सातपुते विचारा."

एक खोली, अर्धी फर्म्यांनी भरलेली.
"पाय द्या इकडं."
माझा पाय आपोआप मागं सरला.
आमच्या चौगुल्यांच्या दारात असाच कुणी
नवा जोड पायरीवर ठेवून लांब उभा राहायचा,
आणि पैसे वरून टाकले जायचे.
हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी पाहिलंय.
त्यानं पाय धरला, वहीच्या कागदावर ठेवला,
पेन्सिल फिरवली. डावा दोन सूत लांब निघाला.
"चामडं आपणहून पायाला शिकतंय," तो म्हणाला,
"बाकीच्याला शिकवाय लागतंय."

तळ केला गुऱ्हाळाच्या जुन्या पट्ट्याचा.
वर पलंगाची नवार. शेवंतानं, त्याच्या बायकोनं,
तिच्या चिंध्या करून वेणी घातली,
शाळेला उशीर झालेल्या पोरीची घालावी तशी, ओढून, घट्ट.
पहिला जोड अंगठ्याला चावला.
दुसरा रात्री दाराशी ठेवला, तर सकाळी
मुंग्यांची रांग, उंबऱ्यापासून टाचेपर्यंत.
पट्ट्यात कितीक गळितांचा गूळ मुरलेला!
परत नेला. त्यानं कढत पाण्यानं धुतला,
दोन दिवस पत्र्यावर वाळवला.
"आता बघा चालून."

चालले. पार रंकाळ्यापर्यंत,
संध्यामठ दिसेल तिथवर, आणि परत.
काटा आत होता, पण झोपला होता.
फक्त वाजत नव्हतं. ती करकर नाही.
"त्याला चामडंच लागतंय," तो म्हणाला,
माझ्याकडं न बघता.

पैसे काढताना त्यानं विचारलं,
"बाई, कंडक्टरची पिशवी कशाची असती ओ?"
बावीस वर्षं, खांद्यावर, चामड्याची.
पट्ट्याचा वण अजून आहे.
मोजणं हेच माझं काम,
आणि तेवढं मोजायचं राहिलेलं.

तो हसला नाही. तेव्हा दिसली
त्याच्या पायातली निळी रबरी स्लीपर,
अंगठा तारेनं बांधलेला.
"तुम्ही का घालत नाही, स्वतः केलेलं?"
"दोन हजाराचं पायताण शिवणाऱ्याला
दोन हजाराचं पायताण परवडतंय होय?"

सुट्टे नव्हते त्याच्याकडं. राहू द्या म्हटलं.
नाही म्हणाला. आम्ही तिकिटामागं लिहायचो तसं
त्यानं त्या कागदावर, माझ्या डाव्या पायाच्या आत,
लिहिलं: बाईंना चाळीस देणे.
आणि कागद भिंतीच्या खिळ्याला टोचला.

दिवाळी होऊन गेली. मी अजून गेले नाही.
काही येणं
राहिलेलं बरं असतं.